तान्ह्या पोळ्याचं वॉरंट

नवऱ्याकडून खावटी मंजूर झाली त्या दिवशी मी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. इतकी बावळट होते मी! कोर्टाचा शिक्का बसला की पैसे दर महिन्याला आपल्या पायांनी दाराशी येतात, असा माझा समज. फारकत झाल्यापासून मी महाल भागात भावाच्या दोन खोल्यांत राहत होते आणि ओसरीवर मशीन टाकून ब्लाउज, परकर शिवत होते. एक महिना गेला, दोन गेले, आठ गेले. मनिऑर्डर काही येईना. पेढे मात्र कोणी विसरलं नव्हतं. नळावर कोणी विचारलं, "काय वं, भेटली का खावटी?" की मी बादली अशी आपटायची, की पाणी विचारणारीच्याच लुगड्यावर उडावं.

भाऊ देवमाणूस होता, पण वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि घर काही रबराचं नव्हतं. एक दिवस तो खाली मान घालून म्हणाला, "दिवाळीपर्यंत तुझी सोय पाय बाई." मी रागावले नाही, पण रात्रभर उशी ओली केली, खोटं कशाला बोलू? पलीकडच्या गल्लीत एक खोली मी हेरून ठेवली होती. तिला मोठी खिडकी होती, मशीनवर सरळ उजेड पडला असता, आणि दाराला कुलूप लावून किल्ली आपल्या कमरेला खोचता आली असती. घरमालकिणीला तीन महिन्यांचं भाडं आगाऊ हवं होतं. "दिवाळीपर्यंत थांबते, मंग दुसऱ्याले देते," ती म्हणाली. शिलाईत रोजचं भागायचं, आगाऊचं कुठून आणायचं? त्या खोलीची किल्ली माझ्या खावटीत अडकली होती.

वकिलानं वॉरंट काढून दिलं. ते घेऊन एक हवालदार मौद्याकडच्या माझ्या आधीच्या नवऱ्याच्या गावी तीनदा जाऊन आला. तिन्ही वेळा कागदावर एकच ओळ लिहून आली: सदर इसम मिळून आला नाही. माझी जुनी सासू अंगणात बसून सांगायची, "पोरगा मुंबईले गेला जी, पत्ता नाही देल्ला," आणि वर हवालदाराला ताक पाजायची. हवालदार निवृत्तीला आलेला, पांढऱ्या मिशांचा, सज्जन माणूस. मी तावातावानं विचारायला गेले तर म्हणाला, "बाई, मी काय करू? मले तर आता त्या बुढीच्या ताकाची सवय लागून राहिली." मला हसू आलं आणि हसू आलं म्हणून आणखीच राग आला.

पोळ्याच्या आधी आठवडाभर कोराडीच्या कॉलनीतली एक बाई माझ्याकडे आली. नवरा तिकडे वीज केंद्रात, माहेर आमच्या गल्लीत. तिला लेकाच्या लाकडी बैलासाठी जरीची झूल शिवून हवी होती. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा असतो. पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून आणतात आणि मोठी माणसं त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे एखादं नाणं, खाऊ. बैल घेऊन आलेल्याला त्या दिवशी रिकाम्या हातानं पाठवत नाहीत.

बाई माप देता देता सांगत होती, "आमच्या कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष लय दिलदार हायेत. म्हणतात, आपलं तत्त्व आहे, लेकरू रिकाम्या हातानं जाऊ नये."

माझी कात्री थांबली. "आपलं तत्त्व आहे!" सात वर्षं नवऱ्याच्या तोंडून हे ऐकून माझे कान किटले होते. भाजीत मीठ कमी पडलं तरी तत्त्व, मी माहेरी दोन दिवस जास्त राहिले तरी तत्त्व. मी विचारलं, "नाव काय जी अध्यक्षांचं?" तिनं पिशवीतून हँडबिल काढलं. सगळ्यात जाड अक्षरांत त्याचंच नाव, पुढे हुद्दा, आणि खाली संपर्कासाठी क्वार्टर नंबर! काखेत कळसा अन् गावाला वळसा. मुंबईला गेलेला माणूस सिटी बसच्या टप्प्यात अध्यक्ष होऊन बसला होता. मी अशी खदखदून हसले, की वहिनी पोळी तव्यावर सोडून बाहेर धावली.

वकिलानं नव्या पत्त्यावर वॉरंट करून घेतलं. हवालदार म्हणाला, "तान्ह्या पोळ्यालेच जाऊ. इतर दिवशी गेलो तर घरात लपंन. त्या दिवशी खुर्ची सोडून पळणार नाही तो. पण सोबत चला, मी त्याचं तोंड पायलं नाही."

त्या सकाळी महालात मारबतीची मिरवणूक होती. घराघरातली पीडा पुतळ्याबरोबर गावाबाहेर न्यायची, म्हणून लोक "घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत होते. मीही बेंबीच्या देठापासून ओरडून घेतलं. मग झुलीची पिशवी घेऊन बसमध्ये बसले. शेजारी हवालदार, साध्या शर्टात, टोपी पिशवीत.

कॉलनीच्या मैदानावर मंडप होता. बाईला झूल दिली, तिनं बैलाला चढवली. मंडपात पाच माणसं बसलेली.

"कोणता?" हवालदारानं विचारलं.

"तो, हारवाला."

"बाई, पाचही हारवाले हायेत. अन् पाचहीले मिशा हायेत. जवळ जाऊन दाखवा."

जवळ जायला तर पोरांची ही मोठी रांग. तेवढ्यात बाईच्या लेकानं फुगेवाला पाहिला, दोरी माझ्या हातात कोंबली आणि आईला ओढत पळाला. मग काय, मी बैल घेऊन रांगेत उभी राहिले. मागची चिमुरडी म्हणाली, "मावशी, तुम्ही एवढ्या मोठ्या, अन् पोळ्यात?"

"माझा मागचा राहिला आहे वं," मी म्हटलं.

रांग सरकत होती तशी मी बैल पुढे ओढत होते. तो प्रत्येक हातावर नाणं ठेवायचा आणि लेकराकडे न पाहता लोकांकडे पाहून हसायचा. माझ्याही हातावर ठेवलं. मी हात मागे घेतला नाही. तेव्हा त्यानं वर पाहिलं. चेहरा असा पडला, काय सांगू!

"तू काहून आली?"

"बोजारा मागाले."

"देल्ला ना आत्ता."

"हा लेकराचा झाला. माझा नऊ महिन्यांचा राहिला आहे."

हवालदारानं टोपी डोक्यावर चढवली आणि कागद उलगडला. अध्यक्ष पुटपुटला, "तुमची गफलत होऊन राहिली जी. तो इसम वेगळा." हवालदारानं नुसतं वर बोट दाखवलं. त्याच्या डोक्यावर कापडी फलक लावला होता, आणि त्यावर क्वार्टर नंबरासकट त्याचंच नाव.

मग तो हळूच म्हणाला, "पोरांसमोर नको."

त्याची दया मला तसूभरही आली नाही. पण मागे वळून पाहिलं तर पन्नासेक पोरं बैलांच्या दोऱ्या धरून ताटकळत होती, त्यांचा काय गुन्हा? मी म्हटलं, "रांग संपू द्या." हवालदारानं खुर्ची ओढली. "तीनदा ताक पिऊन वापस गेलो, आता अर्धा तास चहावर बसतो." त्या माणसानं एकेका लेकराला बोजारा वाटला, हवालदाराच्या डोळ्यांदेखत. माझ्या हातातलं नाणं मी बैलाच्या मालकाला दिलं, त्यानं त्याचा दुसरा फुगा घेतला.

नंतर क्वार्टरमध्ये त्यानं एकदा तोंड उघडलं, "पण आपलं तत्त्व..." हवालदार म्हणाला, "ते कोर्टात सांगा." दुसऱ्या दिवशी कोर्टात मित्रांकडून उसने आणून त्यानं बहुतेक सगळी बाकी भरली, उरलेल्याला हप्ते बांधून मिळाले. पुढे कधी उशीर झाला, तर एक पोस्टकार्ड पुरायचं. पत्ता पाठ होता ना!

हवालदारानं कागदावर काय लिहिलं ते मी त्याच्याकडून मुद्दाम वाचून घेतलं: सदर इसम मिळून आला. मी म्हटलं, "आणखी एकदा वाचा जी."

दिवाळीच्या आधी मी खोलीत गेले. मशीन भावानं डोक्यावरून आणलं. दाराशी ठेवलं आणि किल्ली मी कुलपात घातली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या नाही. मला घाई होती. स्टोव्ह पेटवण्याआधी, खिडकीला पडदा लावण्याआधी मी पेंटरला बोलावलं आणि दारावर पत्र्याची पाटी ठोकून घेतली. वर माझं नाव, खाली घर नंबर.

कोणीही शोधत आलं, तर मी मिळून येते.