तिसरं पाणी

छत्तीसगडात, सिलतऱ्याच्या एका कारखान्यात मी लोडर चालवतो. शिफ्ट संपवून गुढियारीत घरी येईस्तोवर अंगात काही उरत नाही. बसतो, आणि सकाळच्या चहापत्तीवर पुन्हा गरम पाणी ओततो.

"काहून असं करता? डब्यात पत्ती आहे ना," बायको म्हणते.

"पापा, फिर वही?" मुलगी विचारते.

दोघींना हे कधी नीट सांगितलं नाही. म्हणून लिहितो.

फौजेत मी इंजिनिअर कंपनीत डोझर ऑपरेटर होतो. रँक नायक. त्या वर्षी आमच्या डिटॅचमेंटकडे, म्हणजे छोट्या तुकडीकडे, पूर्वेच्या सरहद्दीवरचा एक रस्ता होता. पावसात दरड यायची. आम्ही ती हटवायचो. ती पुन्हा यायची. सकाळी फॉल-इन, दिवसभर चिखल, मग ओले बूट काढून झोप. थकवा इतका की बोलणंही नको वाटायचं.

लान्स नायक बुधराम माझ्या तंबूत होता. आसामच्या चहाबागेतला. त्याचे पणजोबा छत्तीसगडातून तिकडे मजुरीला गेले, ते परतले नाहीत. गाव कोणतं, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पण बुधराम होकार द्यायला 'हव' म्हणायचा, आमच्या पाऱ्यात, मोहल्ल्यात म्हणतात तसाच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वळून पाहिलं होतं.

लंगरचा, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातला, दुधाचा चहा त्याला आवडत नसे. आई त्याला घरामागच्या झुडपांची पानं हाताने वळून, वाळवून द्यायची. भुकटी नाही, अख्खं पान. तो मगात थोडी पानं टाकायचा, उकळी बसलेलं पाणी ओतायचा आणि लगेच सगळं गाळून घ्यायचा. पाणी पत्तीवर राहिलं की कडवट होतं. मग त्याच पत्तीवर दुसरं पाणी.

"पहले पानी में पत्ता सिर्फ जागता है, मेश्राम भैया. स्वाद दूसरे में आता है."

खरं होतं. दुसरं पाणी गोडसर लागायचं. तिसरं हलकं, त्याला जास्त वेळ द्यावा लागे.

मग एका आठवड्यात रस्ता दोन्ही बाजूंनी तुटला. रेशन कमी पडलं. दुधाची पावडर संपली, लंगरची पत्तीही संपली. बुधरामच्या पिशवीवर सगळी डिटॅचमेंट चहा पिऊ लागली. एकच पत्ती सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चालायची.

एका सकाळी वायरलेस सेट वाजला. पुढच्या पोस्टवरचा एक जवान फार आजारी होता. त्याची ॲम्ब्युलन्स दरडीपलीकडे अडकली होती.

"रास्ता कब तक? ओव्हर."

"ऊपर से पत्थर आ रहा है, सर. ओव्हर."

"केस सीरियस है. खोलो. आउट."

आदल्या संध्याकाळी टाकलेली, दोन पाणी झालेली पत्ती मगात होती. तिच्यावर तिसरं पाणी ओतलं, दोघंही प्यालो आणि निघालो.

बुधराम लुकआउट होता. उतारावर नजर ठेवायची, दगड हलला की शिट्टी मारायची. उतार नीट दिसेल अशी एकच जागा होती, मलब्याच्या टोकाला, नदीच्या वर. तो तिथे उभा राहिला. मी डोझर घातला.

दुपारच्या आधी शिट्टी आली. इंजिनच्या आवाजात ती मला लगेच ऐकू आली नाही. तो वाजवत राहिला. मी उडी मारली, मागे पळालो. मी मोकळ्या जागी पोचेपर्यंत शिट्टी चालू होती. मग थांबली. तो उभा होता तो तुकडा नदीत गेला होता.

"एक मिसिंग, सर. लान्स नायक बुधराम. ओव्हर."

मी सेटवर कळवलं.

"रॉजर. रास्ता?"

डोझर शाबूत होता. मी परत त्यावर चढलो. संध्याकाळी ॲम्ब्युलन्स गेली. तो जवान वाचला. बुधराम दुसऱ्या दिवशी खाली नदीकाठी सापडला.

त्याला घरी पोचवायला मी गेलो. आई बागेत पत्ती तोडणारी. माझ्यासमोर रडली नाही. तिची बोली मला अर्धी समजत होती.

"त्या दिवशी काही खाऊन गेला होता?"

"चहा पिऊन गेला, माँ. तुम्ही दिलेलाच. तिसरं पाणी."

तिने पुन्हा विचारलं.

"तिसऱ्या पाण्यासोबत त्याला गुळाचा खडा लागायचा. लहानपणापासून. होता ना गूळ?"

कॅम्पातला गूळ कधीच संपला होता.

"होता," मी म्हणालो.