न पुकारता दाबलेलं बटण

साऱ्या रायपुरात मिळून रोज जितकी बटणं दाबली जात असतील, त्यांतलं एकही बटण आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरमालक काकाजींइतक्या गांभीर्यानं कोणी दाबत नसेल, हे मी पैजेवर सांगू शकतो. काकाजी रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. इंजिनात माणसं दोन. समोर सिग्नल दिसला की एकानं तो मोठ्यानं पुकारायचा, दुसऱ्यानं तसाच परत म्हणायचा, मगच गाडी पुढे. काकाजी निवृत्त झाले, पण हा नियम निवृत्त झाला नाही; तो त्यांच्या मागोमाग घरी आला. "गॅस बंद," काकाजी म्हणत. "गॅस बंद," आतून काकू म्हणत. उत्तर आल्याशिवाय पाण्याची मोटर चालू व्हायची नाही आणि दाराला कुलूप लागायचं नाही. दोघांचं भांडण झालं की काकू बाकीचं सगळं बोलणं बंद करत, पुकारेला मात्र उत्तर देत. मग "नळ बंद"वरून गोष्ट हळूहळू "भाजी कोणती करू"वर यायची आणि भांडण मिटायचं. मी त्यांची स्कूटर चालवायचो, ते मागे बसायचे. तेलीबांध्याच्या चौकात दिवा बदलला की माझ्या कानाशी "हिरवा" अशी आरोळी. एकदा मी लाजून गप्प राहिलो, तर त्यांनी माझा खांदा धरून ठेवला. मागे हॉर्नचा गोंधळ. शेवटी शेजारचा ऑटोवालाच छत्तीसगढीत हिरव्याला हिरवा म्हणाला, "हव कका, हरियर होगे, चलव." काकाजींनी खांदा सोडला. "पाह्य," मला म्हणाले, "त्याले समजते."

मी त्यांच्या वरच्या खोलीत राहायचो. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच. गावी वडील अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या कॉलेजचं नाव सांगायचे. नव्या रायपुरातल्या एका कार्यालयात संगणक विभागात जागा निघाली होती आणि माझी प्रात्यक्षिक परीक्षा दोन दिवसांवर आली होती. त्यासाठी एका संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवून त्यावर सराव करायला हवा होता. माझ्याकडे संगणक नव्हता. काकाजींचा मुलगा पुण्याला गेला तेव्हा त्याचा संगणक बैठकीत ठेवून गेला होता, आणि काकूंनी त्यावर भरतकामाचं झाकण घातलं होतं. काकाजींनी ते स्वतःच्या हातानं काढून मला जागा दिली. पण आतला संगणक काही सुरू होईना. पडद्यावर एकच निरोप: व्हर्च्युअलायझेशन बंद आहे.

"म्हणजे काय?" काकाजींनी विचारलं.

"एकाच यंत्राला दोन यंत्रांसारखं वागू द्यायचं, काकाजी. ती सोय आतच असते, फक्त चालू करावी लागते."

"एकाच इंजिनानं दोन गाड्या ओढायच्या?"

"तसंच समजा."

"इंजिनाले विचारलं का?"

ही सोय नेहमीच्या पडद्यावर चालू होत नव्हती. संगणक सुरू होता होता, विंडोज यायच्या आत, एफ टू हे बटण दाबून त्याच्या मूळ सेटिंगमध्ये शिरावं लागे. वेळ मिळे चुटकीइतका. आणि मित्रानं बजावलं होतं, तिथे चुकीचं काही बदललं तर संगणक सुरूच होणार नाही. हे मी प्रामाणिकपणे काकाजींना सांगितलं, तिथेच चुकलो. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

संगणक चालू केला. "एफ टू," मी पुकारलं. "एफ टू," काकाजी म्हणाले, आणि तोवर विंडोज हजर. पुन्हा केलं. या वेळी काकाजींना चष्मा लावून बटण आधी पाहायचं होतं. विंडोज हजर. मग पुकार लवकर करून पाहिली, तर म्हणाले, "सिग्नल दिसलाच नाही अन् तू कायले पुकारून राहिला?" दुपारचा चहा झाला, ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. माझ्या मनात वडील दिसत होते, कोणालातरी कॉलेजचं नाव सांगताना.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, त्याची गाडी निघून जाऊन राहिली अन् तुमची पुकार संपेना. पोट्ट्याची परीक्षा आहे. एक बार चूप बसा न."

काकाजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग हळू म्हणाले, "साऱ्या नोकरीत न पुकारता कशाले हात लावला नाही मी." उठून खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. "दाब. मले विचारू नको."

मी संगणक पुन्हा चालू केला आणि दाबलं. निळा पडदा उघडला. आत शिरून शोधत गेलो, नेमकी ओळ सापडली, आणि सवयीनं तोंडातून निघालंच, "इथं बंद आहे. चालू करू?" काकाजींची मान थोडी हलली, पण ते शब्दाला जागले. उत्तर काकूंनी दिलं, "चालू कर बाबा." बदल जपून ठेवला, संगणक पुन्हा सुरू केला, आणि थोड्या वेळानं त्या पडद्यावरच्या चौकटीत दुसरा संगणक जागा झाला. काकाजी वळून जवळ आले. खूप वेळ दोन्ही पडदे पाहिले. "आता यातला खरा कोणता?" त्यांनी विचारलं.

परीक्षा चांगली गेली. नोकरी लागली. नव्या रायपुरातून परतीच्या बसचा काही भरवसा नसायचा. तात्यापाऱ्यातून रोज ये-जा जमणार नाही हे मला कळत होतं. पण ज्यांच्या घरी मी पोरासारखा जेवलो, त्यांना खोली सोडतो म्हणून कसं सांगायचं, ते कळेना. पेढे घेऊन खाली गेलो आणि दोघांच्या हातात एकेक दिला. पेढा हातात धरून काकाजीच म्हणाले, "तेलीबांध्याले, नव्या रायपूरच्या रस्त्यावरच, एक खोली पाहून आलो तुझ्यासाठी. पाण्याले जोर आहे. खिडकीतून तलाव दिसते थोडासा."

"कधी पाहिली, काकाजी?"

"तू परीक्षेले गेला होता न, तेव्हाच."

काकू आत निघून गेल्या. काकाजींनी पेढा खाल्ला नाही, तसाच बशीत ठेवला. "पास तर तू होणारच होता," ते म्हणाले, "म्हटलं, घाईत वाईट खोली नको मिळायले."