अक्कापुढं कान झाकायचे नाहीत

अंबूअक्काची गाण्याची बैठक रेकॉर्ड करून राजाजीनगरच्या घरी आल्यावर हयवदननं हेडफोन लावले आणि तो जागच्या जागी गारठला. काहीच नाही! अंबूअक्का नाही, तंबोरा नाही, पेटी नाही. कानात नुसती सुरसुर. त्यानं मागं नेलं, पुढं नेलं, वायर हलवून पाहिली. पूर्वार्ध लख्ख, उत्तरार्ध ठार मुका. आणि भैरवी तर उत्तरार्धातच होती!

तुम्ही म्हणाल, भैरवीचं एवढं काय? अहो, अंबूअक्का म्हणजे त्याची मावशी, जयनगरची. उद्या ती दवाखान्यात भरती होणार होती. घशातल्या गाठीपायी स्वरयंत्रच काढायचं ठरलं होतं. जीव वाचणार होता, आवाज जाणार होता. आणि ती भैरवी म्हणजे तिच्या वडिलांनी, आप्पाजींनी बांधलेलं पद. त्याची चाल तिच्याखेरीज कुणाच्याच गळ्यात नव्हती.

हयवदन पोटासाठी व्हाइटफील्डला जायचा. सुट्टीला मात्र गाणी रेकॉर्ड करत हिंडायचा, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. बॅगेत माइक, रेकॉर्डर, बॅटऱ्या. असले नाजूक माइक फुकट ऐकत नाहीत. रेकॉर्डरमधून वायरीवाटे त्यांना अठ्ठेचाळीस व्होल्ट पाजावे लागतात. घरच्या प्लगवर लावलं की गाण्यात गुणगुण शिरते, म्हणून हा सगळं बॅटरीवर चालवायचा. तो पुरवठा बॅटरी खातो, म्हणून मध्यंतरात तेवढं एक बटण बंद करायचा. अक्काच्या बैठकीत मध्यंतराला डाळीची कोसंबरी आणि गुळाचं पानक वाटलं गेलं, तेव्हाही त्यानं ते बंद केलं. मग अक्का बसली ती तंबोरा न जुळवताच सुरू झाली. सगळ्यांनी हात जोडले, यानंही जोडले. बटण राहिलं!

बरं, हेडफोन कानावर असते तर लगेच कळलं असतं. पण त्या घराची रीत अशी की अक्का गाताना कुणी कान झाकायचे नाहीत, गाणाऱ्याचा अपमान होतो. लहानपणी त्यानं कानटोपी घातली म्हणून त्याच्या आईनं, कमलानं, भर बैठकीत धपाटा घातला होता. त्यातून देवापुढं यंत्राचे दिवे लुकलुकलेले अक्काला खपत नाहीत, म्हणून रेकॉर्डरवर टॉवेल. आता घ्या! बसला शहाणा देव्हाऱ्याशेजारी डोळे मिटून.

सकाळी तो जयनगरला गेला. अक्का पिशवीत लुगडी भरत होती.

"अक्का, भैरवी आली नाही. माझंच चुकलं. बटण बंद राहिलं."

तिच्या हातातली घडी सुटली. ती पलंगावर मटकन बसली.

"आप्पांचं पद गेलं?"

"गेलं."

"अरे मेल्या!" घोगऱ्या आवाजात ती ओरडली आणि तिला ठसका लागला. हयवदनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ठसका थांबल्यावर तिनं डोळे पुसले. "रडू नकोस आता. ऑटो यायला स्वल्प वेळ आहे. लाव तुझं ते."

त्यानं माइक मांडला. बटण दाबलं, पुन्हा दाबून पाहिलं. सवयीनं हेडफोन बाजूला ठेवले, तशी ती खेकसली, "कान झाक! मी सांगते ना, झाक!"

त्यानं झाकले. अक्का गाऊ लागली.

आणि कालच्यापेक्षा मोठा धक्का त्याला आत्ता बसला. जन्मभर समोर बसून ऐकलेला आवाज आज पहिल्यांदाच त्याच्या कानाच्या आत होता. प्रत्येक ओळीआधी ती एक कण्हणं गिळत होती. सूर लागायच्या आधी घशात काहीतरी फाटल्यासारखं होत होतं. देवा रे, काल एवढ्या लोकांत ही असंच गात होती? आणि आपण माना डोलावत बसलो होतो? त्याचा हात थांबवायला पुढं गेला. तिनं डोळे वटारले. तो हात मागं आला.

दुसऱ्या कडव्याच्या शेवटी आवाज चिरकला आणि बसला. ती थांबली नाही. ओठ हलत राहिले, मांडीवर ताल पडत राहिला, एकेक ओळ ती ठेक्यात पुरी करत गेली. खाली ऑटोचा हॉर्न वाजला.

तिनं हातानंच विचारलं, आलं का?

"आलं, अक्का. सगळं आलं," तो म्हणाला.

खोटं बोलला नाही तो. शेवटचं कडवं आहे त्या रेकॉर्डिंगमध्ये. शब्द नाहीत, चाल नाही. मांडीवरचा ताल आहे, मध्ये मध्ये तिचा श्वास आहे, आणि शेवटी हॉर्न.