फाशानं उघडलेलं दार

व्हर्लिन टॉलफसनला आमच्या लिंडग्रेन फॉल्स गावात कुणी वाईट म्हणणार नाही. पशुखाद्याच्या गिरणीत जन्म गेला, बायकोशी भांडला तर तेही हळू आवाजात, आणि शेजारच्या म्हातारीच्या दारातलं बर्फ तिनं न सांगता उपसून द्यायचा. पण एका रविवारी त्यानं जे केलं ते त्याला अजून आतून कुरतडतं. कुरतडू दे. तेवढं तरी त्यानं सोसलं पाहिजे.

तेव्हा चर्च आणि जेवण आटोपलं की त्याच्या तळघरात चौघंजण जमत. टेबलावर कागद, पेन्सिली, फासे आणि आर्डिथनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कापून ठेवलेलं चीज नि सॉसेज. खेळ असा, की प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, कुणी तलवारबाज, कुणी चोर, कुणी जादूगार. आणि व्हर्लिन सूत्रधार. समोर कुठलं गाव आहे, खानावळवाला कसा बोलतो, गुहेत काय दबा धरून बसलंय, हे त्यानं सांगायचं. आपण काय करतो हे बाकीच्यांनी सांगायचं. वार बसला की हुकला, ते फासे सांगणार. मोठी बाप्यामाणसं त्यात लहान पोरांसारखी रमत. मायलो स्टँगल न्हावी तर सोमवारी गिऱ्हाइकाची दाढी करता करता कालची लढाई सांगायचा आणि वस्तरा हवेत फिरवायचा. गिऱ्हाईक जीव मुठीत धरून बसायचं.

सुरुवातीला व्हर्लिन आठवडाभर रविवारचीच तयारी करायचा. पोती उचलताना त्याच्या डोक्यात गावं वसत. त्या खानावळवाल्याचं भावाशी का बिनसलं, हेसुद्धा त्याला ठाऊक असायचं, कुणी विचारो न विचारो. मग जुळी झाली, गिरणीत दुहेरी पाळ्या लागल्या आणि शनिवार उजाडला तरी हाती काही नसायचं. तेव्हा त्यानं तक्ते केले. एकेका तक्त्यात वीस ओळी. वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि जो आकडा येईल ती ओळ वाचायची. एका तक्त्यावर माणसाचा धंदा, दुसऱ्यावर त्याचं गुपित, तिसऱ्यावर हवा, चौथ्यावर बंद दाराआड काय. तीन फासे पडले की विधवेवर जीव जडलेला कोळसेवाला धुक्यात उभा. आठवड्याचं काम कॉफी निवायच्या आत व्हायला लागलं.

तक्ते वाईट नव्हते. मंडळींना उलट मजा यायला लागली, कारण कुठल्याही वाटेनं गेलं तरी पुढे काहीतरी असायचंच, आणि व्हर्लिनला कधी डोकं खाजवावं लागायचं नाही. पण अति तिथं माती. हळूहळू त्याला त्या तक्त्यांचा ताठा चढला. सूत्रधार आपले फासे पुठ्ठ्याच्या आडोशाआड टाकतो. नको ते पडलं तर गुपचूप बदलता यावं, म्हणूनच तो आडोसा. व्हर्लिननं तो काढून टाकला. पडलं ते पडलं, फासा कुणाचा सोयरा नाही, असं तो सगळ्यांना ऐकवायचा.

आता गॉर्डी पँक्रॅट्झ. दुधाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करणारा, व्हर्लिनचा पहिलीपासूनचा सोबती. खेळातला त्याचा तलवारबाज बहिणीला शोधत होता. नदीवरच्या लुटारूंनी तिला पळवलेलं, आणि हा सहा वर्षं, दर रविवारी, प्रत्येक गावात आधी तिचीच चौकशी करायचा. मायलो चिडवायचा, की बाबा रे, आधी खजिना उचल, बहीण काय पळून जातेय? गॉर्डी हसायचा आणि परत तेच विचारायचा.

गॉर्डीला खरी बहीणही होती, नोरीन. बापाशी कडाक्याचं भांडण करून ती घरातून निघून गेली. गॉर्डी तेव्हा मोठा होता, जवळच उभा होता, आणि तिच्या बाजूनं एक शब्द बोलला नव्हता. हे गावाला माहीत होतं. पण आमच्याकडे असलं कुणी कुणाला विचारत नाही. हवापाण्याचं बोलतात आणि निघतात. व्हर्लिननंही कधी विचारलं नाही.

मग दुधाचा कारखाना बंद पडला आणि गॉर्डीनं टेक्सासमध्ये काम धरलं. जायच्या आधीच्या आठवड्यात तो मुद्दाम गिरणीवर आला. बराच वेळ थंडीचं बोलला. शेवटी टोपी हातात घेऊन म्हणाला, "रविवारी माझा शेवटचा खेळ. ती सापडू दे, व्हर्लिन. कशीही सापडू दे. पण ते तू ठरव."

"सोड माझ्यावर," व्हर्लिन म्हणाला.

आणि मनापासून म्हणाला हो. पण त्याच आठवड्यात गिरणीतला पट्टा तुटला, एका जुळ्याला ताप भरला, आणि रविवारी दुपारी तो तळघराचा जिना उतरला तेव्हा डोकं रिकामं होतं. त्याला वाटलं, तक्ते आहेत की. निभावतील. आजवर निभावलंच आहे.

त्या दिवशी खेळ रंगला. लुटारूंचा किल्ला पडला, मायलोचा चोर मरता मरता वाचला, आणि गॉर्डीचा तलवारबाज शेवटच्या दारापाशी पोचला. गॉर्डीनं पेन्सिल खाली ठेवली. "दार उघडतो," म्हणाला.

सगळ्यांनी व्हर्लिनकडे पाहिलं. व्हर्लिनचा हात सवयीनं फाशाकडे गेला. दाराआड काय, तो तक्ता. फासा सगळ्यांदेखत घरंगळला आणि थांबला. ओळ होती: खोली रिकामी, इथे कधी कुणी राहिल्याची खूण नाही.

आता बघा, तोंड त्याचं होतं. खोलीला आणखी एक दार आहे, म्हणता आलं असतं. खिडकीतून हाक ऐकू येते, म्हणता आलं असतं. कुणीही हरकत घेतली नसती. पण पडलं ते पडलं, असं इतकी वर्षं मिरवलेलं! व्हर्लिननं ती ओळ जशीच्या तशी वाचली.

"बरं," गॉर्डी म्हणाला.

त्यानं खुर्च्या मिटायला मदत केली, आर्डिथचे सॉसेजबद्दल आभार मानले आणि सगळ्यांशी हात मिळवून गेला. वर स्वयंपाकघरात व्हर्लिन स्वतःचीच समजूत घालत होता, की नियम म्हणजे नियम. आर्डिथ भांडी विसळत होती. ती वळलीसुद्धा नाही. "फाशाचा मान राखलास," म्हणाली, "माणसाचा कोण राखणार होतं?"

पुढे तो रविवार मोडलाच. मायलो बर्फाखालचे मासे धरायला जाऊ लागला. टेक्सासहून नाताळला कार्ड यायचं, गॉर्डीच्या बायकोच्या अक्षरातलं. दर वर्षी व्हर्लिन म्हणायचा, फोन करू. दर वर्षी राहून जायचं. खरं सांगायचं तर धीर होत नसे. जुळी मोठी होऊन शहरात गेली, व्हर्लिन निवृत्त झाला, आणि एका नाताळला कार्डाच्या तळाशी गॉर्डीच्या स्वतःच्या हातानं लिहिलेलं आलं: नोरीन गेली.

मग मात्र त्यानं फोन लावला. गॉर्डीचा आवाज म्हातारा झाला होता, पण राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं. गॉर्डी सांगत होता, की त्या रविवारी नोरीनचा पत्ता त्याच्या खिशात होता, एका मावसबहिणीनं नुकताच धाडलेला. ओक्लाहोमात, टेक्सासच्या वाटेवरच, हमरस्त्याला लागून. जावं की न जावं, ती दारात उभं तरी करील का, काही समजत नव्हतं. आम्ही तिच्या गावाच्या वळणाच्या पाटीवरून तसेच पुढे गेलो, म्हणाला. पुढे अनेकदा जायचं ठरलं आणि गेलो तो थेट दफनाला. तिची मुलगी म्हणाली, आई तुमचं नाव काढायची.

व्हर्लिन कसाबसा म्हणाला, की तो नुसता फासा होता रे गॉर्डी, तू त्याचं कशाला ऐकलंस.

"फाशाचं नाही ऐकलं. मी तुला विचारलं होतं," गॉर्डी म्हणाला. "म्हटलं, हा मला लहानपणापासून ओळखतो. हा काय म्हणतो बघू."

माफ कर, एवढंच व्हर्लिनला जमलं. गॉर्डी म्हणाला, जाऊ दे, पाय माझेच होते. मग त्यानं विचारलं, "पण आता सांग. तू ठरवलं असतंस, तर ती असती ना त्या खोलीत?"

"असती. असतीच."

"काय म्हणाली असती मला?"

व्हर्लिननं तोंड उघडलं. कॉफी निवायच्या आत गावंच्या गावं उभी करणारा माणूस! पण शब्द येईना. सहा वर्षं गॉर्डीला जिच्यामागे हिंडवलं, ती बहीण दिसते कशी, बोलते कशी, भाऊ दारात दिसल्यावर रडेल की अंगावर धावून येईल, याचा त्यानं एकदाही विचार केला नव्हता.

मग गॉर्डीच म्हणाला, "बरं. तिकडे बर्फ किती पडलंय यंदा?"

आणि व्हर्लिननं त्याला बर्फाचं सांगितलं.