पिवळी पडली

जरीपटका भागात यमुताईंचं पिको-फॉलचं दुकान आहे. दुकानात कुणी गळ्यात काविळीची माळ घालून आलं, की साडी बाजूला ठेवून त्या आधी त्याची हजेरी घेणार. माळेनं कावीळ उतरत नाही, रक्त तपासा, मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात जा. त्यांचा नवरा गिरिधर काविळीनंच गेला. डोळ्यांत पिवळं दिसलं तोवर फार उशीर झाला होता. म्हणून त्यांच्या बोलण्याचं कुणी वाईट मानत नसे.

लेक चारुशीला कॉलेजात उन्हापासून वीज बनवणाऱ्या कसल्याशा सेलवर पीएचडी करते, एवढंच यमुताईंना ठाऊक. एका सकाळी ती फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "परत पिवळी पडली. असंच राहिलं तं सगळं संपलं." आणि डबा न घेताच निघून गेली.

यमुताईंच्या मनात एकदम कावीळच आली. पोरगी हल्ली नीट जेवतही नव्हती. त्यांनी शटर ओढलं आणि माळा देणाऱ्या ज्या कवडूला जन्मभर शिव्या दिल्या, त्याच्याच दारात जाऊन काविळीची माळ मागितली. कवडूनं काही विचारलं नाही, हे त्याचे उपकारच. मग रसवंतीतून बाटलीभर उसाचा रस घेऊन त्या ऑटोनं थेट प्रयोगशाळेत.

चारुशीला दारात येताच त्यांनी तिची पापणी खाली ओढली. डोळा पांढराशुभ्र. दुसराही तसाच.

"काय करून राहिली वं माय?"

"तूच म्हणाली ना, पिवळी पडली म्हणून."

चारुशीला हसायला लागली. मग तिला आईच्या हातातली माळ दिसली. आईला स्टुलावर बसवून तिनं एक काच दाखवली. पिवळी पडत होती ती ही. काचेवर पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचा पातळ थर असतो; शिसं आणि आयोडीनची चौकट, आत फॉर्मामिडिनियम नावाचं रसायन. ते जरा मोठं, चौकटीत नीट मावत नाही. त्यामुळे तापवून काळा केलेला थर नुसता ठेवला की पिवळा पडतो, आणि पिवळा थर वीज जवळजवळ देतच नाही. म्हणून थोडं फॉर्मामिडिनियम काढून लहान चणीचं सीझियम घालायचं, चिमूटभर ब्रोमीनही. ब्रोमीन जास्त झालं तर थर काळा राहतो, पण उन्हातला लाल उजेड वाया जातो. हे प्रमाणच जमत नव्हतं. सकाळी फोनवर जिची गोष्ट होती, ती काच जुन्या मिश्रणाची होती. नव्या मिश्रणाची आत्ताच तपासली, आणि दमट हवेत राहूनही ती काळीच होती, वीजही आधीच्या काचेपेक्षा जास्त देत होती.

"ही काळीच हाय ना?" नव्या काचेकडे बोट दाखवून यमुताईंनी खात्री करून घेतली.

"काळीच हाय, माय. अन् मी बी चांगली हाय."

यमुताई तिथेच ढसाढसा रडल्या. फॉर्मामिडिनियम डोक्यावरून गेलं होतं, पोरगी धडधाकट होती, त्यांना आणखी काही नको होतं. रस दोघींनी मिळून प्यायला. माळ पर्समध्ये खोल दडवून, कुणाला सांगशील तर बघ, असा दमही त्यांनी भरला.

चारुशीलानं कुणाला सांगितलं नाही. फक्त आता एखादी काच बिघडली, की ती फोनवर 'खराब झाली' म्हणते. यमुताईंना ते कळतं. मशीन क्षणभर थांबवून त्या ऐकतात आणि पुन्हा साडी पुढे ओढतात.