थोरली पाठी मोकळ्या करते

कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळ्या थोरली म्हणत, कारण तिची धाकटी जाऊही त्याच रांगेत मशीनवर बसायची. धाकटी काजं करी, थोरली कॉलर लावी. दिवसभर मान खाली, खांदे पुढे. संध्याकाळपर्यंत पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधली जागा अशी धरायची की श्वास घेण्याचाही कंटाळा यावा.

त्यावर उपाय थोरलीकडेच होता. जेवणाच्या सुट्टीत बायका हात छातीवर दुमडून तिच्याकडे पाठ करून उभ्या राहत. थोरली मागून मिठी मारून उचले, एक झटका देई, पाठ कट्ट वाजे आणि बाई हसत डब्याकडे जाई. आवाज आला नाही तर गिऱ्हाईक नाराज, मग पुन्हा उचला. खरं सांगायचं तर कॉलरी लावून कधी कुणाचं कौतुक झालेलं नाही. तिला जो काही मान होता तो ह्या उचलाउचलीचाच.

तिची स्वतःची पाठ मात्र कोण मोकळी करणार? देहाने ती अशी भरभक्कम की तिच्याभोवती कुणाचे हातच पुरत नसत. नवऱ्याने एकदा स्टुलावर चढून प्रयत्न केला आणि स्वतःचीच कंबर धरून बसला. शेवटी दुखण्याने झोप उडाली तेव्हा ती फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेली.

तिथल्या बाईंनी आधी पाठीला हातच लावला नाही. प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. हाताला मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, कुठे पडलात का, वजन उतरलंय का, कधी कॅन्सर झाला होता का, स्टिरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू आहेत का. थोरली वैतागली. आपण पाठ दाखवायला आलो की सोयरीक जुळवायला, असं तिला वाटलं. सगळ्याला नाही म्हटल्यावर बाईंनी तिला पालथं झोपवलं, मणके चाचपले आणि नेमक्या जागी तळव्यांनी दाब दिला. कट्ट. कित्येक महिन्यांनी थोरलीने पोटभर श्वास घेतला.

बाई म्हणाल्या, त्या आवाजाला काही अर्थ नसतो, वाजला काय नि न वाजला काय. उद्या जरा ठणकेल, घाबरू नका. थोडे दिवस बरं वाटेल, पण व्यायाम केला नाहीत नि मशीनवरून अधूनमधून उठला नाहीत तर पुन्हा ये रे माझ्या मागल्या. थोरलीने सहज विचारलं, त्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी काय होतं? तर म्हणाल्या, त्यांनी हाडं ठिसूळ होतात. अशा माणसाला झटका दिला तर बरगडी मोडू शकते.

उभी राहिलेली थोरली पुन्हा खाली बसली. धाकटीला लहानपणापासून दमा. त्याच गोळ्यांवर तिने दिवस काढलेले. मागच्या आठवड्यात थोरलीने तिला उचललं, आवाज आला नाही म्हणून पुन्हा उचललं. तेव्हापासून धाकटी खोकताना कूस दाबून धरायची. उसण भरली असेल म्हणून घरात सगळ्यांनी शेक घ्यायला सांगितलं, आणि शेकायची पिशवी थोरलीनेच भरून दिली होती.

ती घरी आली तेव्हा धाकटी भिंतीला टेकून भाजी निवडत होती. थोरली समोर बसली आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं.

"उद्या एक्स-रे काढायला जायचं," ती म्हणाली. "मोडली असेल तर माझ्याच हातून मोडलीय."

धाकटीने मान वर केली नाही. "मला त्याच दिवशी कळलं होतं, ताई. आत काहीतरी तुटल्यासारखं झालं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही परत कुणाला उचललं नसतं. दिवसभरात तेवढाच वेळ तुम्ही जरा आनंदात असता."

थोरलीला रडूही नीट येईना, इतकी ती थकली होती. तिने धाकटीच्या हातातली जुडी काढून घेतली आणि तिला जरा आडवी हो म्हणाली. आडवं होताना फार दुखतं म्हणून आठवडाभर धाकटी भिंतीला टेकून बसूनच झोपत होती, हे तिला तेव्हा कळलं.