त्या घरी विमलला पाठवू नका

"उरलेली शेड्यूल्स विमल पूर्ण करील. उद्याच्या एस.टी.नं जाऊ दे तिला. मुक्काम त्याच घरी," सर म्हणाले.

शेड्यूल म्हणजे छापील प्रश्नपत्रक. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका काय खातात, लेकरं कुठे ठेवतात, हे विचारून त्यात भरायचं. मी एम.ए. होऊन नुकतीच नगरच्या आमच्या सर्व्हे ऑफिसात इन्व्हेस्टिगेटर म्हणून लागले होते. मिरजगावच्या अलीकडच्या एका गावात माझी सोय सरांनीच लावली होती, गावच्या एका पुढाऱ्याच्या घरी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. जेवण चांगलं, अंगणात पाण्याचा टँकर, कामावर न्यायला-आणायला जीप. दुष्काळात याहून सुरक्षित जागा कुठली, असं सर म्हणाले होते.

आदल्या दिवशी दुपारी कामावरून परतताना अण्णांचा हात गिअरवरून माझ्या मांडीवर आला आणि तिथंच राहिला. ते समोर बघून पावसाबद्दल बोलत होते. मी उलटी येते म्हणाले, जीप थांबताच उतरले आणि चालत त्यांच्या घरी गेले. त्यांच्या मंडळींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. आत जाऊन माझी बॅग आणून दिली.

"तुमी जावा बाई. हितं राहू नगा," त्या हळू म्हणाल्या. "तुमी काय पयल्या न्हाई."

नगरला पोचल्यावर मी सरांना सांगितलं, पाणी बाधलं, पोट बिघडलं. घरी आईलाही तेच. मला वाटत होतं, लोक विचारतील, पुढच्या सीटवर बसलीसच कशाला? तो प्रश्न मीच मला कितीदा विचारला होता.

आणि आता माझ्याबरोबरच नोकरीला लागलेली विमल शेजारी उभी राहून विचारत होती, "अंथरूण न्यावं लागतं का गं?"

"सर, त्या घरी विमलला पाठवू नका."

"का?"

टायपिस्ट बापट टाइप करायचे थांबले. माझे कान तापले. मी जमिनीकडे बघत जीपमधलं सगळं सांगितलं. मांडी हा शब्द तोंडातून निघेना. मी पाय म्हणाले.

सरांनी चष्मा काढून पुसला. "रस्ता खराब आहे तिकडचा. चुकून लागला असेल हात."

"चुकून लागलेला हात उचलतात, सर," विमल म्हणाली.

शेवटी असं ठरलं, की दोघींनी मिळून जायचं आणि गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या खोलीत राहायचं. सर अण्णांना याबद्दल काही विचारणार नव्हते. त्यांच्या मदतीशिवाय सर्व्हे अडला असता.

तिसऱ्या दिवशी जीप कामावर आली. सगळ्या बायकांसमोर अण्णांनी हसून विचारलं, "काय बाई, पोट बरं हाय का आता?" पोटाचं कारण मी नगरलाच सांगितलं होतं; म्हणजे सरांची त्यांच्याशी गाठ पडली होती, किंवा निरोप गेला होता. मी मान खाली घातली. चोरी त्यांची होती आणि तोंड मी लपवत होते.

"बऱ्या आहेत त्या," विमल म्हणाली. "आम्ही चालतच जाऊ."

सर्व्हे पूर्ण झाला. अहवाल छापून आला, त्यात सहकार्याबद्दल अण्णांचं नाव घेऊन आभार होते. ते पान मी घरी कुणाला दाखवलं नाही. अहवालात माझंही नाव होतं, तरी.

पुढं मी सुपरवायझर झाले. मुलींचा मुक्काम मी स्वतः बघून यायचे. त्या फील्डवरून परत आल्या की शेड्यूल्स बाजूला ठेवून, दार लावून विचारायचे, "राहायला कसं होतं?" बहुतेक जणी म्हणत, बरं होतं. एखादी नुसतीच खाली बघायची. मग त्या घरी दुसरी मुलगी जात नसे. काय झालं, ते मी विचारत बसत नसे.